घरांचा प्रश्न : वेस, खोली आणि तारीख

घरांच्या टंचाईविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा आकड्यांच्या भाषेत. कुटुंबे इतकी, घरे इतकी, तेव्हा तुटवडा इतका. मग त्या तुटवड्यासाठी इतके सिमेंट, इतके कर्ज, इतके वाढीव चटई क्षेत्र. ही वजाबाकी चुकीची असते असे नाही. पण तिच्यात एक प्रश्न विचारलेलाच नसतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईत सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्याच जनगणनेने त्याच शहरात पावणेपाच लाखांच्या आसपास रिकामी घरे मोजली. पाच माणसांचे एक कुटुंब धरले, तर झोपडपट्टीतील जवळजवळ निम्म्या कुटुंबांना पुरतील इतक्या घरांना त्या वेळी कुलपे होती. मग तुटवडा नेमका कशाचा होता?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते, आणि तो इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, असे माझे मत आहे. राज्यकर्ते परके असोत वा आपले, त्यांनी घरांचा प्रश्न दर वेळी दोनच मार्गांनी सोडवू पाहिला. खोल्या मोजल्या आणि माणसांना तारीख लावली. घराखालच्या जमिनीला हात लावण्याची वेळ आली की मात्र प्रत्येक धोरणाचा पाय अडखळला. ज्याच्या वाडवडिलांना गावात जमीन नाकारली गेली, त्याला शहरात खोली मिळाली तरी जमीन मिळाली नाही. आणि ती खोली मागायला तो गेला तेव्हा त्याला विचारले गेले, 'तू येथे कधीपासून आहेस?' गावाला वेस होती. शहराने तारखेची वेस बांधली.

१

गावात आपले घर कोठे असावे हे आपल्या आजा-पणजाने ठरविलेले नव्हते. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा यांच्या जागा जन्माने ठरलेल्या होत्या. काळीत वाटा नाही आणि पांढरीत जागा नाही, अशी ही अवस्था. महारकीच्या वतनाला नाव मोठे होते, पण त्या वतनाने दिले काय? तुटपुंज्या इनाम जमिनीच्या मोबदल्यात साऱ्या जातीला गावाच्या आणि सरकारच्या चाकरीला रात्रंदिवस बांधून ठेवले. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले ते याच कारणासाठी. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांनी खेडे सोडण्याचा सल्ला दिला, त्यामागचे कारण येथे आहे. ज्या जागेवर जात कोरलेली आहे, तेथे घर सुधारले तरी पत्ता बदलत नाही. शहरात पत्ता बदलता येईल अशी आशा होती. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून आपली माणसे मुंबईस आली ती या आशेवर. ती कितपत फळली, ते पाहिले पाहिजे.

२

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. साथ गलिच्छ वस्तीतून पसरते असे ठरले, आणि १८९८ च्या कायद्याने शहर सुधार न्यास (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) अस्तित्वात आला. या न्यासाने नागपाड्यासारख्या भागांत दाट वस्ती पाडली आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. पहिल्या वर्षांत त्याने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा अधिक होत्या. ज्यांची घरे पाडली ते शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीवाटीने राहिले. 'सुधारणा' या शब्दाचा गोरगरिबांना आलेला हा पहिला अनुभव.

परंतु न्यासाच्या कारभारातील आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. एकाच न्यासाने दोन प्रकारची घरे निर्माण केली. कामगारांसाठी एका खोलीच्या भाड्याच्या चाळी बांधल्या. त्या आजही बी. आय. टी. चाळी म्हणून ओळखल्या जातात. आणि दादर-माटुंग्यास भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मध्यमवर्गाला दिले. त्यातून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. कामगाराला खोली आणि मध्यमवर्गाला भूखंड, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. खोलीतला माणूस दर महिन्याला भाडे देत राहिला. भूखंडावरच्या माणसाच्या नातवंडांच्या हाती मालमत्ता आली.

स्वतः बाबासाहेब या दोन्ही प्रकारच्या घरांत राहिले, ही गोष्ट आपल्या लक्षात असली पाहिजे. परळच्या पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. पुढे १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, तेही ग्रंथांसाठी प्रशस्त जागा हवी म्हणून. चाळ ते राजगृह हे अंतर काटण्यासाठी एका माणसाला किती पदव्या आणि किती कष्ट लागले! ज्याच्याजवळ या गोष्टी नाहीत त्याच्यासाठी ती वाट बंदच होती.

त्या काळी अस्पृश्य कामगार राहत होता कोठे? गिरणीत विणाई खात्यात त्याला मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने बाट होई. त्यामुळे जास्त पगाराचे काम त्याच्या वाट्याला येत नसे. खाजगी चाळमालक जात विचारून खोली नाकारी. तेव्हा तो राहिला झावळ्यांच्या आणि रॉकेलचे डबे ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांच्या झोपड्यांत. झाडूवाल्यांसाठी नगरपालिकेने चाळी बांधल्या, पण त्या झाडूच्या कामाला बांधलेल्या.

३

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या राजवटीत मुंबई विकास खाते, म्हणजेच बी. डी. डी., स्थापन झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२ अशा २०७ इमारती झाल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, म्हणजे एकूण साडेसोळा हजारांवर. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, भिंती काँक्रीटच्या.

आणि मग काय झाले? शहरात माणसे रस्त्यावर झोपत असताना सुरुवातीच्या वर्षांत यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडे परवडत नव्हते, वरळी गिरण्यांपासून लांब पडत होती, दिवाबत्ती आणि पाण्याची सोय अपुरी होती. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. तुटवडा आणि रिकामी घरे एकाच शहरात, एकाच वेळी असू शकतात, हा धडा मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच दिलेला आहे. २०११ च्या आकड्यांनी चकित होण्याचे कारण नाही.

तरीही या सरकारी चाळींनी एक मोठे काम केले. खाजगी मालक जात विचारीत असे. सरकारी चाळीत भाड्याची पावती पुरे होई. म्हणून दलित कामगार येथे येऊ शकला, टिकू शकला. चाळीही जातीवार वाटल्या गेल्या हे खरे. परंतु पक्क्या भिंतीआड, मालकाच्या मेहेरबानीवाचून राहणारी आपल्या लोकांची पहिली मोठी वस्ती ती येथे झाली. समता सैनिक दलाच्या कवायती, जयंतीच्या मिरवणुका, रात्रशाळा, वाचनालये, कलापथके यांना या चाळींनी मैदान दिले. मी स्वतः अशाच एका चाळीत वाढलो. आठ माणसे एका खोलीत. अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली. जिन्यात बसून शिकलेली ती पिढी पुढे शिक्षक, कारकून, कवी, कार्यकर्ती झाली. १९७२ साली दलित पँथर जन्मास आली आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल पेटली, तेव्हा हल्ल्याचे रणांगण बी. डी. डी. चाळीच असाव्यात हा योगायोग नव्हता. डोक्यावर छप्पर असलेला दलित ताठ उभा राहतो, हे दोन्ही बाजूंना कळून चुकले होते.

४

स्वातंत्र्य मिळाल्यावर घरांचे धोरण कोणत्या दिशेने गेले? पहिला मोठा कायदा १९४७ चा भाडे नियंत्रणाचा. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे गोठविले. हा कायदा भाडेकरूंच्या बाजूचा होता, आणि त्याने लाखो गरीब कुटुंबांना तारले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याचे संरक्षण मिळाले ते ज्याच्या हाती भाड्याची पावती होती त्याला. जो जात सांगताच दारातून परत पाठविला गेला, त्याच्याजवळ पावती कोठून यावी? पुढे गोठलेल्या भाड्यापायी पागडीची पद्धत वाढली आणि खोलीत शिरण्याचा दरवाजा रोख रकमेने उघडू लागला. मालकांनी डागडुजी सोडली, चाळी कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले; उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ भरली. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सने, राहणारे लोक रीतसर भाडेकरू ठरले. तारीख येथेही आहे. मात्र या तारखेने करारनाम्याचा कागद असलेल्या माणसाला आत घेतले. झोपडीवाल्यासाठी पुढे ज्या तारखा आल्या त्यांनी काय केले, ते पुढे पाहू.

दुसरा मार्ग सहकारी गृहनिर्माणाचा. आपल्या देशातील अगदी आरंभीच्या गृहनिर्माण सोसायट्यांत मुंबईच्या गावदेवीची १९१५ ची सारस्वत सोसायटी मोडते. नावच सांगते की ती एका जातीची होती. भांडवल, ओळखीपाळखी, कायद्याचे ज्ञान आणि विश्वास हे सारे जातीच्या आत उपलब्ध होते, म्हणून सहकार जातीच्या आत फुलला. घरमालकीची ही सर्वात यशस्वी पद्धत जन्मापासूनच जातीची पद्धत होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. कायद्याच्या भाषेत तो संघटना-स्वातंत्र्याचा निर्णय आहे. आपण त्याच्याकडे वेशीच्या बाहेरून पाहतो, तेव्हा तो वेगळा दिसतो.

सरकारने दलितांसाठी सहकाराचा प्रयोग केलाच नाही असे नव्हे. युद्धोत्तर पुनर्रचना योजना क्रमांक २१९, लोकांच्या तोंडी 'पी. डब्ल्यू. आर. २१९', या योजनेखाली मागासवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्थांना सवलतीने सरकारी जमीन आणि अर्थसाहाय्य मिळाले. महाराष्ट्रातील अनेक शहरांत अशा संस्था उभ्या राहिल्या. आपल्या इतिहासात या योजनेवर फारसे लिहिले गेले नाही याचे मला नवल वाटते. कारण स्वतंत्र भारतात दलितांच्या हाती शहरातील जमीन सामूहिकपणे आली ती मुख्यतः या वाटेने. तिचा लाभ थोड्यांना, तोही बहुधा नोकरदारांना मिळाला. तरी दिशा बरोबर होती : जमीन सार्वजनिक, पट्टा दीर्घ मुदतीचा, ताबा संस्थेचा. आज या संस्थांच्या जमिनी शहराच्या मध्यात आल्या आहेत आणि त्यांच्यावर पुनर्विकासवाल्यांची नजर आहे. त्या वाचविणे हेही चळवळीचे काम आहे.

५

आता झोपडपट्टीकडे वळू. १९५० आणि ६० च्या दशकांत धोरण एकच होते : पाडा आणि हटवा. १९७१ साली महाराष्ट्राने झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकासाचा कायदा केला. नळ, संडास, गटारे द्यायचे ठरले. १९७६ च्या जानेवारीत मुंबईतील झोपड्यांची गणना झाली. सुमारे २८ लाख माणसे मोजली गेली आणि त्यांना ओळखपत्रे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'फोटोपास', मिळाले. राज्याने झोपडीवाल्याला प्रथमच नोंदवहीत घेतले. त्याच वर्षी ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबांना चिता कॅम्पला नेऊन टाकले. म्हणजे एका हाताने पास दिला आणि दुसऱ्या हाताने घर मोडले.

१९७६ हे वर्ष आणखी एका कायद्याचे आहे. नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत एका माणसाच्या नावे ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन राहू नये असे ठरले. घराखालच्या जमिनीला हात घालणारा हाच एक मोठा कायदा. त्याच्याच पोटात सवलतींची कलमे होती. त्या कलमांतून जमीनदार सुटत गेले आणि सरकारच्या हाती जमीन फारच थोडी आली. २००७ साली महाराष्ट्राने तो रद्द केला. गावातल्या जमिनीच्या कमाल मर्यादेचे जे झाले, तेच शहरात झाले.

१९८१ च्या पावसाळ्यात सरकारने फुटपाथवरील झोपड्या पाडून माणसांना आपापल्या गावी धाडण्याचा हुकूम काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. 'जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो' हे त्यातील सूत्र सारे उद्धृत करतात. पण निकालपत्रातील अर्जदारांची हकीकत मात्र कोणी वाचीत नाही. त्यांतील एक सेलमचा भूमिहीन शेतमजूर होता. दुसरा १९६९ साली संगमनेरहून आलेला, गावात जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळविणारा. गावचे घर पडले म्हणून तो मुंबईस आला, बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवरील जागेसाठी तेथल्या गुंडाला त्याने ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकला आणखी ७०० रुपये लागले. निकालपत्र त्याची जात सांगत नाही. गावात जोडे कोण शिवतो हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

या माणसाची हकीकत म्हणजे घरांच्या धोरणाचा सारांश आहे. फुटपाथवर राहायलाही त्याला पैसे मोजावे लागले. पण पावती मिळाली नाही. न्यायालयाने त्याचा जगण्याचा हक्क मान्य केला आणि पूर्वसूचना देऊन झोपड्या हटविण्यासही मुभा दिली. पर्यायी जागा कोणाला? १९७६ च्या गणनेत ज्याची नोंद होती त्याला. येथून तारीख ही घराची किल्ली झाली.

६

पुढच्या काळात ही तारीख सरकत राहिली : १९७६, १९८०, १९८५, १ जानेवारी १९९५, १ जानेवारी २०००. २०११ पर्यंतच्या झोपडीवाल्यांना सशुल्क घर देण्याचे ठरले आणि २०२३ साली त्याची किंमत अडीच लाख रुपये लावली. निवडणुका आल्या की तारीख पुढे सरकते, हे आपण सारेच जाणतो. तारीख सरकली की काही लाख माणसे आत येतात, म्हणून आपण तिचे स्वागतही करतो. परंतु तारीख कितीही पुढे नेली तरी तिच्या पलीकडे कोणी तरी उरतोच, आणि तो बहुधा सर्वात शेवटी गाव सोडलेला, सर्वात निर्धन माणूस असतो.

१९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने एक वेगळी योजना आली होती. तिच्यात झोपडीखालची जमीन रहिवाशांच्या सहकारी संस्थेला ३० वर्षांच्या पट्ट्याने द्यायची होती. लोकांनी आपले घर आपल्या ऐपतीप्रमाणे सुधारावे. चारकोप, गोराई, मालवणी येथे भूखंड आणि सुविधा देऊन नव्या वसाहतीही वसविल्या. ही वाट बंद झाली. १९९१ च्या विकास नियमावलीने वाढीव चटई क्षेत्राचे बक्षीस आणले आणि १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. झोपडीवाल्याला २२५ चौरस फुटांचे घर फुकट. बिल्डरला त्याच जमिनीवर खुल्या बाजारात विकण्यासाठी जादा बांधकाम. चाळीस लाख माणसांना, म्हणजे आठ लाख कुटुंबांना घरे देण्याची घोषणा झाली. तीन दशके उलटली. त्या आठ लाखांच्या निम्म्यापर्यंतही पोहोचता आलेले नाही. दरम्यान घराचे क्षेत्र २६९ आणि मग ३०० चौरस फूट झाले.

'फुकट' या शब्दाविषयी मला येथे बोलले पाहिजे. मध्यमवर्ग आपल्याला ऐकवतो, 'तुम्हाला घरे फुकट मिळतात.' प्रत्यक्षात खाडी बुजवून, दलदल भरून, नळासाठी मोर्चे काढून ज्यांनी ती जमीन राहण्याजोगी केली, त्यांच्या जमिनीचा मोठा भाग विक्रीच्या इमारतीखाली जातो. त्यांच्या वाट्याला उंच, दाटीच्या इमारतीतले एक खोके येते. जमिनीच्या किमतीतला आपला वाटा सोडून दिल्याबद्दल मिळालेला तो मोबदला आहे. फुकट मिळते ती जमीन, आणि ती मिळते बिल्डरला.

गेली काही वर्षे मी वस्तीतील लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात फोटोपास, शिधापत्रिका, वीज बिल, मतदार यादीचा उतारा, दंडाची पावती. झोपडी पाडल्याच्या नोटिसासुद्धा जपून ठेवलेल्या असतात, कारण पाडली म्हणजे ती होती, हा पुरावा! पुरात पिशवी वाहून गेली, आगीत जळली, नवऱ्याने दुसरा संसार मांडून बरोबर नेली, की बाई 'अपात्र'. परिशिष्ट-२ च्या यादीत नाव नसले की तीस वर्षांचा रहिवास नसल्यासारखा होतो. पती-पत्नी दोघांच्या नावे घर देण्याचा नियम आला ही चांगली गोष्ट आहे. पण नियम आत गेलेल्यांसाठी आहे. दारातच अडविलेल्या एकट्या बाईसाठी नाही.

सफाई कामगारांची गोष्ट याहून तीव्र आहे. त्यांची वसाहत नोकरीला बांधलेली. निवृत्ती आली की घर खाली करा, नाही तर मुलाला त्याच कामावर लावा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरीचा हक्क दिला. कामगारांना तो हवा होता, कारण त्या नोकरीबरोबर छप्पर टिकत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य योजनेत मालकीचे घर देऊ केले तेही पंचवीस वर्षे झाडू मारल्यानंतर. घरासाठी मुलाने बापाचा झाडू उचलावा, ही वतनाचीच नवी आवृत्ती नव्हे काय?

गावातही चित्र निराळे नाही. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी होती पडीक जमिनीची. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. बाबासाहेबांची जयंती येथे सीमारेषा झाली! घरकुलाची योजना १९८५-८६ साली प्रथम दलित, आदिवासी आणि मुक्त वेठबिगारांसाठीच आली. पण घरकुलाला पैसे आधी मिळत नाहीत, जागेचा उतारा आधी लागतो. ज्याच्यासाठी योजना, त्याच्याकडेच जागा नाही. २०१५ साली जागा खरेदीसाठी ५०,००० रुपये देण्याची योजना आली. पण पैसे असले तरी वेशीच्या आत दलिताला जागा विकणार कोण, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नाही.

७

आपल्यातील काही मित्र म्हणतात, कामगाराला घरमालक करणे हा त्याला गप्प बसविण्याचा डाव आहे. एंगेल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना हा इशारा दिला होता : घर आणि तुकडाभर जमीन यांनी कामगार एका जागी जखडला जातो आणि मालकापुढे दुबळा होतो. जर्मनीतील कामगारापुरते ते खरे असेल. पण आपला माणूस जखडला गेला तो घर नसल्यामुळे. वतनाने जखडला, झाडूच्या चाळीने जखडला, पुराव्याच्या पिशवीने जखडला. ज्याला हजार वर्षे काहीही आपल्या नावावर ठेवू दिले नाही, त्याने आपल्या नावाचा कागद मागणे यात भांडवलशाहीची हाव शोधणे हा पोथीनिष्ठपणा होय.

मात्र मालकी कोणती, हे ठरविले पाहिजे. २०१७ साली बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चार पिढ्यांचे भाडेकरू मालक झाले. हे शक्य झाले कारण जमीन सरकारची होती, काम म्हाडा या सार्वजनिक संस्थेकडे होते, आणि रहिवासी संघटित होते. देखभालीचा खर्च, विकत घेणाऱ्यांचे दडपण, वस्ती विखुरण्याचा धोका, हे सारे पुढे आहेच. तरी खाजगी बिल्डरला जमीन न देताही ५०० फुटांचे घर उभे राहते, एवढे सिद्ध झाले.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्यावी, असा आराखडा मांडला. त्यात जमीनदारालाही जागा नव्हती आणि भूमिहीनालाही. तोच विचार शहराच्या जमिनीला लावण्याची आता वेळ आहे. सार्वजनिक जमिनीवरील वस्त्यांना त्यांच्या संस्थांच्या नावे दीर्घ मुदतीचा पट्टा मिळावा. ती जमीन बाजारात विकली जाऊ नये. पात्रता रहिवासावर ठरावी, तारखेवर नव्हे. आज शहरात येणाऱ्यासाठी कमी भाड्याची सार्वजनिक घरे बांधावीत, म्हणजे उद्याची झोपडी टळेल. सफाई कामगाराचे घर त्याच्या झाडूपासून सोडवावे. आणि प्रत्येक गृहयोजनेत कोणत्या जातीच्या किती कुटुंबांना घर, किती कुटुंबांना नुसते आश्वासन मिळाले, याची गणना प्रसिद्ध व्हावी.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे एक सांगणे आहे. आपापल्या वस्तीखालच्या जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. ती जमीन १९४७ साली कोणाच्या नावे होती, आज कोणाच्या नावे आहे, मधल्या फेरफारांवर कोणाच्या सह्या आहेत, ते लिहून काढा. म्हाताऱ्या माणसांना विचारून कोणत्या वर्षी कोण कोठून आले, खाडी कोणी बुजवली, पहिला नळ कोणत्या मोर्चाने आला, याची नोंद करा. आजवर पुरावा आपल्याकडे मागितला गेला. आता तो ज्यांच्या नावे जमीन आहे त्यांच्याकडे मागायला शिकले पाहिजे.